विस्तव

रात्रीचे साडेदहा वाजलेत. झाशीच्या सदर बाजारामागच्या चौकात होळी रचून तयार आहे आणि तिला कोणी काडी लावत नाही.

डांबर वितळू नये म्हणून खाली वीतभर लाल माती पसरली आहे. तिच्यावर गोवऱ्यांची उतरंड, मग बाभळीची ओंडकी, मोडक्या खाटेचे दोन खूर, फळांच्या खोक्यांच्या फळ्या आणि कुणाच्या तरी घरचं वाळवीने पोखरलेलं खिडकीचं दार, कडीसकट. मधोमध वसंत पंचमीला रोवलेला दांडा. त्याच्या गळ्यात शेणाच्या चपट्या चकत्यांच्या माळा आहेत. प्रत्येक चकतीला मधे बोटाएवढं भोक, भोकातून सुतळी ओवलेली. काही चकत्यांना पोरींनी चंद्राचा, सूर्याचा आकार दिलाय. एक मात्र नक्की मोबाइल आहे. कुणीतरी त्यावर काडीने बटणंसुद्धा टोचली आहेत.

आज १३ मार्च २०२५, गुरुवार, फाल्गुनी पौर्णिमा. चंद्र डोक्यावर यायला निघालाय आणि सगळा चौक भद्रा संपायची वाट बघतोय. पौर्णिमेच्या तिथीचा पहिला अर्धा भाग म्हणजे विष्टी करण, तीच भद्रा. ती असताना होळी पेटवायची नाही, हा इकडचा कडक नेम. पंडितजी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून मोबाइलवर पंचांग बघतात आणि दर पाच मिनिटांनी कोणी विचारलं की न कंटाळता सांगतात, "ग्यारह छब्बीस."

पुण्याहून आईचा फोन येतो. "आमच्या सोसायटीची आठलाच पेटली. पोळ्या खाऊन झाल्या, आता झोपतेय मी. तुमचं अजून काय चाललंय?"

"भद्रा," मी म्हणते.

"उत्तरेकडचं सगळंच बाई..." आई म्हणते आणि फोन ठेवते.

माझ्या शेजारी वहिनी हातात ताट धरून उभी आहे. ताटात दोन पुरणपोळ्या, नारळ, हळदकुंकू, दूधपाण्याचा तांब्या. पायाशी एक रिकामं घमेलं. ते कशाला, हे मला अजून कळलेलं नाही. "ताई, पोळ्या पार गार झाल्या हो," ती म्हणते. भाचा नऊ वर्षांचा. त्याच्या हातात कळकाची काठी आणि काठीच्या टोकाला गव्हाच्या हिरव्या ओंब्यांची जुडी बांधलेली. भाऊ बबीन्याच्या फायरिंग रेंजवर आहे. सण असो नसो, रणगाड्यांचं वेळापत्रक भद्रेवर चालत नाही.

भाऊ सैन्यात नायब सुभेदार. बारा वर्षांत वहिनीने सहा घरं लावली आणि पाच मोडली. झाशीचं हे सहावं. प्रत्येक ठिकाणी तीच पत्र्याची काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. तिच्यावर चादर टाकली की दिवाण होतो. शेजारी मात्र दरवेळी नवे. या खेपेला भिंतीला भिंत लागून ओडिशाचं कुटुंब आलंय. दोन्ही अंगणांच्या मधल्या बुटक्या भिंतीवरून कपडे वाळत घालायची एकच तार जाते आणि जानेवारीत त्या तारेवरूनच ठिणगी पडली. कोणाच्या चादरीचं पाणी कोणाच्या पापडांवर ठिबकलं, हे मी दोन्हीकडून ऐकलंय आणि मला दोन्हीही खरं वाटलंय. तेव्हापासून बोलणं बंद. मराठीत अशा संबंधांना नेमका शब्दप्रयोग आहे: दोघींचा विस्तव जात नाही. त्या बाई आत्ता होळीच्या पलीकडच्या बाजूला, मुलीचा हात धरून उभ्या आहेत. वहिनी सगळीकडे बघते, फक्त तेवढीच जागा वगळून.

चौकाच्या कोपऱ्यावरचा फळवाला गाडीवर ताडपत्री ओढतोय. रमजान चालू आहे; तरावीहची नमाज आटोपून टोप्या घातलेले दहा-बारा जण बाजूच्या गल्लीतून घरी निघालेत. उद्या रंग आणि जुम्मा एकाच दिवशी, म्हणून दोन हवालदार स्टुलांवर बसवलेत. ते शेंगा खात बसलेत. फळवाला जाता जाता फुटलेलं एक खोकं होळीवर भिरकावतो. "लो, हमारा भी," म्हणतो.

तिकडे सतरंजीवर फाग सुरू झालाय. ढोलक, झांजा आणि नगडिया. नगडिया म्हणजे मातीच्या भांड्यावर कातडं ताणलेला छोटा नगारा. दोन बारक्या काड्यांनी वाजवतात आणि आवाज कानाच्या पडद्यावर वाजावा तसा टणक. म्हातारे ईसुरीचे फाग गातात. ईसुरी याच जिल्ह्यातला, मऊरानीपूरजवळच्या मेढकी गावचा, १९०९ मध्ये गेला. चार कडव्यांत अख्खा संसार बसवणारा त्याचा चौकडिया फाग आणि त्यातली ती नायिका रजऊ बुंदेलखंडात अजून जित्या माणसांसारखी नांदते. एक ओळ एक बाजू उचलते, दुसरी बाजू ती झेलते. मधूनच कोणीतरी "हओ" म्हणून दाद देतं. बुंदेलीत होकाराला 'हओ' म्हणतात. मी पहिल्या दिवशी फसले होते. वाटलं, कोणी कोकणातलं भेटलं.

तसं इथे मराठी नवं नाही. १७४२ मध्ये पेशव्यांचा सुभेदार म्हणून नारोशंकर इथे आला. नाशिकला गोदेच्या काठी ज्याच्या देवळाची घंटा आपण ऐकतो, तोच. ओरछ्याच्या वीरसिंहदेवाने १६१३ मध्ये बांधलेला किल्ला त्याने वाढवला, खाली गाव वसवलं. मग नेवाळकर आले. मुक्कामाला म्हणून आलेली माणसं शंभर वर्षं राहिली. त्यांच्या मागे महालक्ष्मीचं देऊळ राहिलं, आणि १८४२ मध्ये मनूचं, म्हणजे नेवाळकरांच्या राणी लक्ष्मीबाईचं, लग्न जिथे लागलं ते गणेश मंदिर. मागच्या आठवड्यात तिथे गेले होते, तर पायरीवर बसलेल्या आजी शुद्ध मराठीत मला म्हणाल्या, "तुम्ही इकडच्या की तिकडच्या?" छावणी या शब्दातच मुक्काम आहे. आजचा नायब सुभेदार फक्त जरा लवकर उठतो, एवढंच.

"ऐ बिन्नू, बैठ जाओ," मागून आवाज येतो. दूधवाल्या अम्मा. रोज पहाटे क्वार्टरवर दूध घालतात. वय विचारलं तर हसतात. बुंदेलीत लेकीबाळींना 'बिन्नू' म्हणतात आणि अम्मांच्या लेखी मी पन्नाशीलाही बिन्नूच. त्या उकिडव्या बसतात, मीही दगडावर टेकते.

"अम्मा, कल रंग खेलोगी?"

त्या मान हलवतात. उद्या नाही, दूजेला. झाशीत जुनी घरं होळीच्या दुसऱ्या दिवशी रंगाला हात लावत नाहीत, असं त्या सांगतात. का? कोणी म्हणतं, हिरण्यकश्यपाच्या घरचं सुतक. त्याची राजधानी म्हणजे इथून सत्तर-ऐंशी किलोमीटरवरचं बेतवाकाठचं एरच, अशी लोकांची श्रद्धा आहे. प्रल्हादाला जिथून नदीत ढकललं तो डिकौलीचा डोंगरही दाखवतात. पण अम्मांच्या सासूने त्यांना वेगळं सांगितलं होतं: राज्य गेल्याची खबर होळीच्याच दिवसांत आली, मग राणीच्या गावाने रंग कसा खेळायचा?

मी मनातल्या मनात हिशेब मांडते. राणीचे पती गंगाधरराव गेले २१ नोव्हेंबर १८५३ला. दत्तक नामंजूर करून झाशी खालसा करायचा डलहौसीचा निर्णय पुढच्या फेब्रुवारीअखेरचा. तो राणीला कळवला गेला १८५४च्या मार्चच्या मध्यात. चांद्र तिथी दर १९ वर्षांनी साधारण त्याच तारखांवर परत येतात. १८५४ ते २०२५ म्हणजे १७१ वर्षं, बरोबर नऊ फेरे. म्हणजे त्या वर्षीची होळीही याच तारखांना होती. अम्मांच्या सासूचं पंचांग चुकलं नव्हतं.

या गावाने दुसरीही आग पाहिली आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला म्हणून उत्तरेत आले आणि १८५८ साली झाशीच्या वेढ्यात सापडले. शहर पडताना, जळताना त्यांनी जे पाहिलं ते 'माझा प्रवास'मध्ये आहे. ३ एप्रिलला तटावर चढलेल्यांत एक पलटण होती ८६वी, रॉयल काउंटी डाउन. काउंटी डाउन आयर्लंडमध्ये. तिच्यासोबत २५वी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री, आपल्या मुंबई इलाख्याची. मी दुपारी त्या तटाजवळ उभी होते तेव्हा हेच डोक्यात घोळत होतं. त्या आयरिश पोरांना ही होळी दाखवली असती तर त्यांना ती परकी वाटली नसती.

कारण त्यांच्याकडेही हेच होतं. केल्टिक लोकांचं वर्ष दोन आगींवर तोललेलं: नोव्हेंबरच्या तोंडावर साविन, मे महिन्याच्या तोंडावर बेल्टेन. दोन्ही रात्री सुरू होणारे सण. गॉलचे केल्टिक लोक काळ दिवसांनी नाही, रात्रींनी मोजतात, असं सीझरनेच लिहून ठेवलंय. कॅशेलच्या कॉर्मॅकच्या नावावर असलेल्या हजारेक वर्षांपूर्वीच्या आयरिश कोशात बेल्टेनचा अर्थ सांगितलाय: दोन होळ्या पेटवायच्या आणि रोगराई टळावी म्हणून गुरं त्यांच्या मधून हाकायची. पुढे १७६९ मध्ये थॉमस पेनंट स्कॉटलंडात फिरला. पर्थशरमधल्या गुराख्यांबद्दल त्याने लिहिलंय: अंडी, लोणी, दूध आणि ओटचं पीठ आगीवर शिजवून आधी थोडं जमिनीवर सांडतात, मग नऊ उंचवट्यांची भाकरी घेऊन एकेक तुकडा खांद्यावरून मागे टाकतात. हा घे, माझे घोडे राख. हा घे कोल्ह्या, माझी कोकरं सोड. वहिनीच्या ताटातल्या दोन पोळ्यांपैकी एक आज आगीत जाणार आहे, तीही काही वेगळं बोलत नाही. एडिंबरोच्या काल्टन टेकडीवर १९८८पासून बेल्टेन पुन्हा पेटतं. लोक तिकीट काढून बघायला जातात.

एकाचा वारसा दुसऱ्याकडे गेला, असं मला म्हणायचं नाही. ज्याच्या घरी गुरं आहेत, शेत आहे आणि ऋतू उलटताना पोटात गोळा येतो, तो माणूस आग पेटवतो. जैमिनीच्या मीमांसासूत्रांवरच्या शाबरभाष्यातसुद्धा 'होलाका' हा पूर्वेकडच्यांचा आचार म्हणून वाद घातलाय: एका मुलुखाचा रिवाज सगळ्यांना लागू धरायचा का? आईच्या फोनवरचा वादही तोच होता. फक्त आई मीमांसक नाही.

नगडिया थांबते. पंडितजी उठतात. ११ वाजून २६ मिनिटं.

पलिता लागतो आणि क्षणभर काहीच होत नाही. पांढरा धूर गोवऱ्यांच्या फटींतून गुपचूप बाहेर येतो, शेणाचा आणि राळेचा वास घेऊन. मग आत कुठेतरी 'हुश्श' होतं आणि ज्वाळ एकदम माणसाच्या उंचीची. लोक एक पाऊल मागे, परत दोन पावलं मागे. खिडकीचं दार पेट घेतं. त्याची कडी लाल होऊन लोंबकळते. चकत्यांच्या माळा सुतळी जळताच सुटतात आणि मोबाइल धपकन आत पडतो. पोरं टाळ्या पिटतात.

वहिनी चप्पल काढून पुढे होते. दूधपाण्याची धार धरून प्रदक्षिणा घालते. धार मातीवर पडून लगेच सुकते. पोळी टाकते, नारळ टाकते. भाचा माझा हात ओढतो. "आत्या, आपल्याकडे काय करतात गं? आई म्हणाली तू सांगशील."

आता काय करणार? मी इकडे तिकडे बघते, तोंडावर उलटा हात मारते आणि बोंब ठोकते. सणसणीत. दोन्ही हवालदार स्टुलावरून उठतात. फागवाले माना वळवतात. पळभर शांतता. मग अम्मा पोट धरून हसायला लागतात आणि भाच्याला एवढा आनंद होतो की तो तिथेच उभा राहून चार ठोकतो. दोन मिनिटांत चौकातली वीस-पंचवीस पोरं तोंडावर हात मारून बोंबलतायत. कुणाच्या नावाने, हे त्यांना ठाऊक नाही. आपल्याकडे तरी कुठे असतं?

आग बसायला लागली की काठ्या पुढे सरसावतात. प्रत्येकाच्या काठीला ओंब्या, काहींच्या काठीला हरभऱ्याचे डहाळे. कुसळं आधी चर्रकन जळून जातात, मग दाणा फुगतो. भाचा काठी मागे घेतो, मी गरम ओंबी तळहातावर चोळते, फुंकर मारते. कोंडा उडून जातो आणि हिरवट, धुराच्या चवीचे पाच-सहा दाणे राहतात. इकडे याला होरा म्हणतात. आपल्याकडे शेतात भाजलेला हरभरा तो हुळा. दाताखाली दाणा एकच. अम्मा आपल्या मूठभर दाण्यांतले निम्मे माझ्या हातावर ठेवतात, मी माझ्यातले त्यांना देते. इथे असेच एकमेकांना देतात. नारळ काठीने ओढून काढलाय. करवंट फुटून आतलं खोबरं कडेने तपकिरी झालंय. पंडितजी तुकडे करतात. एक वाडगा गर्दीतून फिरतो आणि हवालदारांपर्यंत जातो.

मी निघायला वळते. अम्मा माझा पदर धरतात.

"खाली हात नईं जाने, बिन्नू. आगी लेकें जइयो."

तेव्हा कुठे मला घमेल्याचा अर्थ लागतो. चौकातली होळी ही निम्मीच होळी. तिच्यातली आग घरी न्यायची, अंगणात घरची छोटी होळी तिच्यावर पेटवायची, तेव्हा सण पुरा होतो. चौकाभोवती बघते तर जो तो आपापल्या भांड्यात विस्तव भरतोय: तसराळं, लोखंडी कढई, रंगाचा कापलेला डबा, एकाकडे तर स्कूटरचं जुनं हेल्मेट निघतं आणि सगळे त्याच्यावर ओरडतात. १७व्या शतकातल्या जेफ्री कीटिंगने आयर्लंडबद्दल हेच लिहून ठेवलंय: साविनच्या रात्री घरोघरची आग विझवायची आणि मीथमधल्या एका टेकडीवरच्या होळीतून नवी न्यायची. पण त्या विस्तवावर राजाचा कर होता, प्रत्येक चुलीमागे. इथे कोणी काही मागत नाही. चौकाची आग कोणाचीच नाही, म्हणून ती सगळ्यांची.

अम्मा वहिनीच्या घमेल्यात आधी मूठभर राख टाकतात. "तरें राख, ऊपर राख, बीच में आगी." खाली राख नसेल तर भांडं तापून हात सोलतो, वर राख नसेल तर वाऱ्याने निखारा संपतो. बाभळीचे तीन निखारे निवडून त्या फावड्याने मधे ठेवतात. बाभळीचाच घ्यायचा, पिंपळाचा टिकत नाही, हेही सांगतात. वहिनी घमेल्याचे कान पदराने धरते. आम्ही निघतो.

छावणीतले रस्ते रात्री सरळ आणि रिकामे असतात. कडुनिंबाची पानगळ चालू आहे. पावलांखाली पानं कुरकुरतात. बुंध्यांना गेरू आणि चुना एकाच उंचीवर मारलेला. चांदणं इतकं की दिव्यांची गरज नाही. वहिनी जपून चालते, मूल नेल्यासारखी. राखेतून मधूनच एक लाल डोळा उघडतो आणि मिटतो. माझी आजी सांगायची: काडेपेटी जपून वापरायचे, सकाळी चूल पेटवायला शेजारून विस्तव आणायचा, आणि भांडण झालं की पहिली बंद व्हायची ती हीच येजा.

क्वार्टरच्या अंगणात चार विटा मांडलेल्या आहेत. वहिनीने संध्याकाळीच अम्मांनी दिलेली चकत्यांची एक छोटी माळ त्यांच्यावर गोल रचून ठेवली होती. ती राख बाजूला सारते. तीनपैकी दोन निखारे जिवंत. एक माळेच्या मधे ठेवून ती गुडघ्यांवर वाकून फुंकते, एकदा, दोनदा. चकतीची कड लाल होते, मग एक इवलीशी निळी ज्योत. सहाव्या घराची होळी पेटली. भाचा हळू आवाजात, मोठे झोपले असतील म्हणून, एक बोंब मारून घेतो.

बुटक्या भिंतीपलीकडे पावलं वाजतात. तारेवर वाळत टाकलेली आमची चादर जराशी हलते आणि खालून एक स्टीलची पळी वर येते. पळीमागे शेजारची सात वर्षांची मुलगी, टाचा उंचावून.

"आंटी, थोडी आग."

वहिनी तशीच बसून राहते. मुलीच्या मागे, त्यांच्या अंगणात, दोन विटांवर एक माळ रचून ठेवलेली दिसते. स्वयंपाकघराच्या दारात त्या बाई उभ्या आहेत, अर्ध्या उजेडात, अर्ध्या अंधारात. पुढे येत नाहीत, आतही जात नाहीत.

"ऐसे नहीं," वहिनी मुलीला म्हणते. "हाथ जल जाएगा. पहले राख." ती उठते, पळीत चिमूटभर राख घालते, चिमट्याने दुसरा निखारा उचलते, त्याच्यावर पुन्हा राख. मग पळी मुलीच्या हातात देत नाही. स्वतःच घेऊन भिंतीपाशी जाते आणि दाराकडे बघून म्हणते, "भाभीजी, आप पकडो. बच्ची से गिरेगा."

बाई येतात. वहिनी डाव्या हाताने ओली चादर बाजूला धरते आणि तारेखालून विस्तव पलीकडे जातो.